नवा शाफ्ट बसवला तरी दालमिल थरथरते? लेथचा चक तपासून घ्या



तूर घरात आली की आपल्या गटांच्या दालमिली सुरू होतात, आणि त्याच सुमारास बैठकीत एक तक्रार ठरलेली असते. "शाफ्ट तं नवाच करून आणला, बेअरिंगही नवे टाकले, मंग मशीन थरथरते कायले?" गिरणी, मिरची कांडप, शेवयांचं मशीन अशा सगळ्यांबद्दल हे ऐकायला मिळतं. या अंकात त्याबद्दलच लिहिते.

केनवड परिसरातल्या एका गटाचं घ्या. गटाचं नाव देत नाही, कारण असं बऱ्याच जणींकडे झालंय. दालमिलच्या मुख्य शाफ्टवर बेअरिंग बसायची जागा घासली होती. ताईंनी शाफ्ट काढून तालुक्याला नेला. तिथं घासलेली जागा वेल्डिंगनं भरली, लेथवर टर्निंग केलं आणि शाफ्ट परत आणून बसवला. आठ दिवसांत बेअरिंग हात लावू देईना इतकं तापायला लागलं. दुसरं टाकलं, तेही गेलं. डाळ एका बाजूनं फुटून चुरी होते आणि दुसऱ्या बाजूनं टरफल तसंच राहतं. लेथवाल्याचं म्हणणं, बेअरिंग हलकं आहे. बेअरिंगवाल्याचं म्हणणं, शाफ्ट आऊट आहे. मशीन बसवून देणारा म्हणतो, पायाच कच्चा. तिघांनीही पैसे घेतले, मशीन मात्र बंद, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

मी समाजकार्य शिकलेली मुलगी, लेथ काही माझा विषय नाही. पण हप्ता का थकला हे विचारत गेलं की कधी कधी असं लेथच्या दुकानापर्यंत जावं लागतं. तिथं जाऊन, विचारून, बघून जे समजलं ते सांगते. तिघांपैकी खरं कोण बोलतंय हे आपलं आपल्याला तपासता येतं, आणि त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही.

आधी चक म्हणजे काय ते पाहू. लेथवर लोखंड फिरतं आणि हत्यार जागेवर राहतं. फिरणाऱ्या लोखंडाला, म्हणजे टर्नरच्या भाषेत जॉबला, घट्ट धरून ठेवणारा जो पंजा असतो तो चक. आपल्याकडच्या दुकानांत दोन प्रकारचे चक दिसतात. तीन जबड्यांचा असतो त्याला ट्रू चक म्हणतात. त्याची चावी एका ठिकाणी फिरवली की तिन्ही जबडे एकदमच आत येतात. आतमध्ये एक गोल चकती असते, तिच्यावर उदबत्तीच्या कॉइलसारखे फिरत जाणारे आटे असतात, त्यामुळे जबडे एकत्र सरकतात. दुसरा चार जबड्यांचा, त्याला डॉग चक म्हणतात. त्यात प्रत्येक जबडा वेगळा फिरवावा लागतो. ट्रू चकमध्ये जॉब धरायला मिनिटभर लागतो. डॉग चकमध्ये चारही बाजूंनी मागं-पुढं करत मध्य साधावा लागतो, वेळ जातो.

आता जातं आठवा. मधला खिळा बरोबर मध्यावर नसेल तर वरची तळी लंगडत फिरते आणि पीठ एका अंगानं जाड पडतं. शाफ्टचंही तसंच आहे. चकनं शाफ्ट मध्यापासून जरासा सरकवून धरला, तर त्यावर कापलेली बेअरिंगची जागाही मध्यापासून सरकते. डोळ्यांना शाफ्ट चकचकीत आणि गोल दिसतो, कारण तो गोल असतोच. फक्त त्याचा मध्य चुकलेला असतो.

एवढ्याशा फरकानं काय होतंय, असं वाटेल. हिशेब करून पाहू. समजा शाफ्टवरचा रोलर १० किलोचा आहे, मिनिटाला ९०० फेरे घेतो आणि त्याचा मध्य अर्धा मिलिमीटर सरकलाय. तर त्याचा बाहेरचा ओढा साधारण साडेचार किलोच्या वजनाएवढा होतो. ओढ्याची दिशाही रोलरबरोबर फिरते, म्हणजे बेअरिंगला तो सेकंदाला १५ वेळा वर-खाली हलवतो. वेग दुप्पट केला तर ओढा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून पुली बदलून वेग वाढवला की मशीन एकदम अंगात आल्यासारखं करतं. दालमिलमध्ये आणखी एक नुकसान आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली पीकेव्ही मिनी दालमिल आपल्या भागात ओळखीची आहे. तिच्यासारख्या मशीनमध्ये रोलर आणि जाळी यांच्यामधल्या फटीतून दाणा जातो. रोलर लंगडत असेल तर ती फट प्रत्येक फेऱ्यात लहान-मोठी होते. लहान झाली की दाणा फुटतो, मोठी झाली की दाणा न सोलता निसटतो. चुरी वाढली म्हणून आपण तुरीला, नाहीतर भिजवणाऱ्या ताईला दोष देतो.

घरी करायची तपासणी

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून एका ताईच्या हातात द्या, पट्टा उतरवा. पदर खोचलेला, बांगड्या मागं सारलेल्या. हे नेहमीचं वाटलं तरी लिहितेच. यापुढं शाफ्ट फक्त हातानं फिरवायचा.

सायकलचा एक स्पोक घ्या आणि मशीनच्या सांगाड्याला तारेनं घट्ट बांधा, त्याचं टोक शाफ्टला अगदी टेकेल असं. टोक हललं तर मोजमाप चुकतं, म्हणून बांधणी पक्की हवी. शाफ्टवरचा गंज आधी पॉलिश पेपरनं काढा. शाफ्ट हळूहळू फिरवा. जिथं टोक घासतं ती वर आलेली बाजू, तिथं खडूनं खूण करा. नंतर स्पोक असा बसवा की त्या खुणेवर तो जेमतेम टेकेल, आणि अर्धा फेरा फिरवा. आता टोकाखाली फट दिसेल. त्या फटीत वहीची पानं एकेक करून सरकवा. किती पानं मावतात ते मोजा.

पानाची जाडी किती, हे घरीच काढता येतं. वहीची १०० पानं दाबून धरा आणि मुलांच्या पट्टीनं मोजा. ८ मिलिमीटर भरली तर एक पान ०.०८ मिलिमीटरचं. फटीत ५ पानं गेली तर फट ०.४० मिलिमीटर. शाफ्टचा मध्य याच्या निम्म्यानं, म्हणजे ०.२० नं सरकलेला असतो. हा निम्म्याचा हिशेब लक्षात ठेवा, लेथवाल्याशी बोलताना यावरूनच गोंधळ होतो. तो डायलवर दिसणारा आकडा सांगत असतो, आपण मध्याचं बोलत असतो, आणि दोघांनाही वाटतं समोरचा खोटं सांगतोय.

ही तपासणी तीन ठिकाणी करा: डावीकडच्या बेअरिंगला लागून, मधोमध, आणि उजवीकडच्या बेअरिंगला लागून. खरी गंमत इथंच आहे, कारण थरथर कुठून येते ते या तीन आकड्यांवरून कळतं. दोन्ही बेअरिंगजवळ फट जवळजवळ नाही, पण मधोमध मोठी आहे, तर शाफ्ट वाकलेला आहे. वेल्डिंगच्या उष्णतेनं शाफ्ट वाकतो, हे नेहमीचं आहे. तिथं बेअरिंगवाल्याचा काही दोष नाही. बेअरिंगला अगदी लागूनच शाफ्ट लंगडत असेल, तर बेअरिंगची जागा मध्य सोडून कापली गेलीय. एकाच टोकाला तसं असेल आणि दुसऱ्या टोकाकडं जाता जाता फट कमी होत असेल, तर तेच एक टोक चुकलंय. हे लेथवरचं काम. शाफ्ट तिन्ही ठिकाणी सरळ फिरतो पण पुली डोलते, तर पुलीचं भोक चुकलंय. आणि सगळं सरळ आहे, पण शाफ्ट लाकडी दांड्यानं वर उचलला की टकटक वाजतो, तर बेअरिंग किंवा त्याचं घर ढिलं.

वर सांगितलेल्या गटात ताईंनी असं मोजलं तेव्हा पुलीकडच्या बेअरिंगला लागूनच चार पानं गेली, आणि दुसऱ्या टोकाला एकही नाही. म्हणजे बेअरिंग तिसऱ्यांदा बदलून काही उपयोग होणार नव्हता.

लेथच्या दुकानात

दोघी जा. कागदावर तीन आकडे लिहून न्या. "तुम्हाला काय कळतं" असं बोलणारे भेटतात, पण मोजलेला आकडा समोर ठेवला की बोलणं बदलतं, हे मी पाहिलंय. भांडायला मात्र जाऊ नका. आपल्या भागात चांगला टर्नर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढा, आणि त्याचा लेथ बऱ्याचदा त्याच्या वयाएवढा जुना.

चक आऊट आहे की जॉबच वाकडा, हे ठरवायची एक सोपी रीत आहे. कुठल्याही चांगल्या टर्नरला ती माहीत असते. त्याच्याकडे डायल गेज असतं. घड्याळासारखं दिसतं, काटा एक घर सरकला की ०.०१ मिलिमीटर. एखादा चांगला सरळ, गुळगुळीत रॉड चकमध्ये धरायचा. जबड्यांपासून बोटभर अंतरावर डायल टेकवायचा आणि चक हातानं फिरवायचा. काटा जिथं सगळ्यात पुढं जातो ती वरची बाजू. ती कोणत्या जबड्यासमोर आली ते बघायचं, आणि रॉडवरही तिथं खडूनं खूण करायची. मग रॉड ढिला करून एक जबडा पुढं फिरवायचा, पुन्हा आवळायचा आणि पुन्हा बघायचं. वरची बाजू रॉडवरच्या खुणेबरोबर सरकली, तर रॉड वाकडा. खूण सरकली पण वरची बाजू त्याच जबड्यासमोर राहिली, तर चक आऊट. हे दोन मिनिटांचं काम आहे. "दादा, जरा डायल लावून दाखवा ना," एवढंच म्हणायचं.

तोच डायल नंतर जबड्यांपासून चार बोटं लांब नेऊन लावायला सांगा. जवळ कमी आणि लांब जास्त दाखवत असेल, तर बहुतेक जबडे तोंडाशी झिजलेत. वर्षानुवर्षं आखूड जॉब फक्त जबड्यांच्या टोकात धरून काम केलं की असं होतं. मग चक जॉबला फक्त मागच्या बाजूनं धरतो आणि पुढून जॉब डुलतो. कागदानं हेही कळतं. प्रत्येक जबड्याखाली एक पट्टी तोंडाशी आणि एक आत ठेवून जॉब आवळायचा. तोंडाशी ठेवलेली पट्टी ओढल्यावर सहज निघून आली, तर तिथं पकडच नाही.

चक आऊट असायची कारणं मोठी नसतात. पुष्कळदा लोखंडाचा कीस जबड्यांच्या खाचेत किंवा आतल्या आट्यांत अडकलेला असतो. जबडे काढून, रॉकेल आणि ब्रशनं धुऊन परत बसवले की निम्मा आजार जातो. बसवताना एक गोष्ट बघायची. जबड्यांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात आणि खाचांवरही. आकड्याला आकडा जुळवून, त्याच क्रमानं ते आत घालावे लागतात. १ नंबरच्या खाचेत ३ नंबरचा जबडा गेला तर चक मध्य धरूच शकत नाही. घाईत असं होतं. दुसरं, चावी घालायला चकवर सहसा तीन ठिकाणी भोकं असतात. प्रत्येक ठिकाणाहून आवळलं की चक थोडा वेगळा बसतो. हुशार टर्नर सगळी भोकं डायलवर तपासतो, सगळ्यात कमी आऊट देणाऱ्या भोकावर खूण करतो आणि शेवटचा आवळा नेहमी तिथूनच देतो. चकच्या मागच्या प्लेटवर कीस किंवा ठेच असेल तरी चक तिरका बसतो. झिजलेले जबडे लेथवरच घासून सरळ करता येतात, मात्र ते काहीतरी धरून ताणलेल्या अवस्थेत घासावे लागतात. मोकळे घासले तर आवळल्यावर पुन्हा तेच. लेथचं स्वतःचं बेअरिंग ढिलं असेल तर मग तो चकचा विषय राहत नाही, तिथं काम देऊच नका.

एवढं सगळं सांगितलं, पण मला सगळ्यात कामाचं वाटलं ते पुढचं. ट्रू चक अगदी नवा असला तरी थोडा आऊट असतोच. ०.०५ ते ०.१० मिलिमीटर ही त्याची नेहमीची गोष्ट आहे, त्यात टर्नरची चूक नाही. आणि तरीही त्याच चकवर अचूक काम होतं. कसं? जॉब एकदा धरला आणि न सोडता सगळं कापून घेतलं, तर सगळ्या जागा एकाच मध्यावर येतात, मग चक कितीही आऊट असो. चकची चूक जॉबमध्ये उतरते ती जॉब सोडून, उलटा करून, पुन्हा धरला की. शाफ्टला दोन टोकं, दोन बेअरिंग. एक टोक कापलं, शाफ्ट उलटा धरला, दुसरं टोक कापलं. दोन्ही टोकांचे मध्य वेगळे झाले. त्या गटाच्या शाफ्टचं हेच झालं होतं. जुनं टोक चांगलं होतं, भरलेलं टोक ट्रू चकमध्ये धरून घाईत कापलं गेलं.

म्हणून नवा चक आणा असं टर्नरला सांगण्यात अर्थ नाही. शाफ्ट कसा धरणार, हे विचारायचं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना मधोमध एक बारीक खळगा असतो, त्याला सेंटर म्हणतात. त्या दोन खळग्यांत दोन टोकदार सेंटर टेकवून शाफ्ट मधे अधांतरी धरता येतो आणि बाजूनं कॅरिअर लावून फिरवता येतो. यात मध्य चक ठरवत नाही, ते दोन खळगे ठरवतात. शाफ्ट उलटा केला तरी खळगे तेच, म्हणून मध्यही तोच. पहिल्यांदा शाफ्ट बनवताना तो बहुतेक असाच धरलेला असतो, म्हणून ते खळगे जपायचे. बेअरिंग काढताना शाफ्टच्या टोकावर हातोडा मारून आपण ते चेपतो, हे आपल्याकडून होणारं नुकसान. मधे लाकूड ठेवा, नाहीतर पुलर वापरा. खळगे चेपलेच असतील तर टर्नर आधी डॉग चकमध्ये शाफ्ट धरून, डायल लावून मध्य साधेल आणि खळगे नव्यानं करेल. त्यानंतर बेअरिंगची जागा.

पुलीचंही तेच. पुलीचं भोक आणि पट्ट्याची खाच एकाच पकडीत कापलेली असावी. जुन्या पुलीचं फक्त भोक मोठं करायचं असेल, तर पुली डॉग चकमध्ये धरून खाचेवर डायल लावून मध्य साधायला सांगा.

आता पैशांचं. डॉग चकमध्ये मध्य साधायला किंवा दोन सेंटरमध्ये काम करायला टर्नरला जास्त वेळ लागतो. आपण दुकानात उभ्या राहून पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, तो मग ट्रू चकमध्ये धरून दहा मिनिटांत काम उरकतो. माझं स्पष्ट मत आहे, त्या वेळेचे पैसे द्यावेत. दोन बेअरिंग आणि आठ दिवस बंद मशीन यापुढं ते फार नाहीत. पण मग बिलावर लिहूनही घ्यावं: दोन सेंटरमध्ये टर्निंग, दोन्ही बेअरिंगच्या जागा डायलवर दाखवून देणे. घेताना काटा ०.०५ च्या आत फिरला तर आपल्या मशीनसाठी ते चांगलं काम. गटाच्या नोंदवहीत हे बिल चिकटवा, म्हणजे पुढच्या वर्षी कोषाध्यक्ष बदलली तरी माहिती राहील.

लेथ हे पुरुषांचं काम, असं गावात सर्रास म्हणतात, म्हणून एक आठवण सांगते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर करणारा हा कारखाना. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली बायकांसाठी 'स्त्री' नावाचं मासिक निघालं. यंत्रं आणि बायकांचं मासिक, दोन्ही एकाच माळावर. आणि आज आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा ट्रेड असतो, मुलींना त्यात प्रवेश घेता येतो. दहावी झालेल्या लेकीच्या आईनं चौकशी करून बघावी. गावोगावी गिरण्या आणि दालमिली वाढल्यात, टर्नर मात्र तेवढे नाहीत.

दुकानात लेथ चालू असताना ओढणी, पदर, मोकळी वेणी घेऊन जवळ उभं राहू नका. मुलं सोबत नेऊ नका. चकची चावी चकमध्येच विसरून कुणी स्विच चालू केला तर ती गोळीसारखी उडते, म्हणून चकच्या समोरच्या रेषेत न थांबता बाजूला थांबा. डायल बघायला जवळ जायचं ते लेथ बंद असताना.

चुंबकाच्या स्टँडसह एक डायल गेज आपल्या प्रभागसंघानं घ्यावं, असा विषय पुढच्या मासिक बैठकीत मी मांडणार आहे. एक गेज सगळ्या गटांना आळीपाळीनं पुरेल. ज्या गटांकडे दालमिल, गिरणी किंवा कांडप मशीन आहे, त्यांनी बैठकीला येण्याआधी वहीच्या पानांनी तीन ठिकाणचं मोजमाप घेऊन, तारीख टाकून आणावं. कुणाच्या मशीनचा शाफ्ट आधी काढायचा ते त्यावरून ठरवू.